ट्यूनिंग केलं की चार दिवस बरी, मग पुन्हा तेच: पद्मिनीचं टायमिंग आणि कार्बोरेटर

जुन्या प्रीमियर पद्मिनीवाल्यांची (म्हणजे आपली जुनी फियाट) तक्रार जवळपास याच शब्दांत कानावर येते. पुन्हा तेच म्हणजे काय, तर आयडलिंगला मिस मारते, नाशिकच्या मुंबई नाक्याच्या सिग्नलला बंद पडते, ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर गुदमरते आणि मग उचलते. कसारा घाट चढताना एकतर टकटक वाजते, नाहीतर ओढतच नाही. मग गाडी गॅरेजला जाते, कार्बोरेटर खोलला जातो, जेटला (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाला) हवा मारली जाते, एक स्क्रू अर्धा आटा इकडे, दुसरा तिकडे. गाडी सुधारते. पुढच्या महिन्यात परत तिथेच.

माझं मत स्पष्ट आहे: कार्बोरेटरच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागात, असतं. करंट (प्लगची ठिणगी) उशिरा पडला तरी गाडी गुदमरते आणि पेट्रोल कमी पडलं तरी गुदमरते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. कार्बोरेटरचा स्क्रू हाताशी असतो, त्याला फिरवायला काही खोलावं लागत नाही, म्हणून तोच आधी फिरतो. त्याने दुखणं झाकलं जातं, जात नाही.

खालचं सगळं पद्मिनी धरून लिहितोय: 1089 सीसी, चार सिलिंडर, सोलेक्सचा कार्बोरेटर, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2. ॲम्बेसेडरची फायरिंग ऑर्डरही तीच, पण तिच्यावर एसयू कार्बोरेटर असेल तर कार्बोरेटरचा भाग वेगळा पडेल. डिस्ट्रिब्युटरचं मात्र सगळं लागू आहे.

दुखणं परत का येतं

पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला उघडझाप करणारा स्विच. त्याच्या हलत्या पट्टीला फायबरची एक टाच असते. ती डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर सतत घासते. कॅमवर ग्रीस नसेल, किंवा पॉइंट हलक्या प्रतीचा असेल, तर ही टाच भराभर झिजते. टाच झिजली की पॉइंटचा गॅप (पूर्ण उघडल्यावर दोन टोकांमधलं अंतर) कमी होतो. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतो, आणि पॉइंट उघडतो त्याच क्षणी करंट पडत असल्यामुळे टायमिंग, म्हणजे पिस्टनच्या जागेच्या हिशोबाने करंट पडायची वेळ, आपोआप मागे सरकतं. ड्वेल (पॉइंट मिटलेला राहतो तो कोन) 1 अंशाने वाढला की टायमिंग क्रँकवर साधारण 1 अंशाने मागे जातं, असा हिशोब धरायला हरकत नाही.

आता पुढची गंमत बघा. गॅप मिटत गेला, गाडी ओढेना झाली. पहिल्या मिस्त्रीने गॅप न बघता डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग पुढे घेतलं. गाडी पळायला लागली. काही दिवसांनी दुसऱ्याने नवीन पॉइंट टाकला, गॅप बरोबर लावला, पण टायमिंग तपासलं नाही. गॅप बरोबर झाला म्हणजे पॉइंट लवकर उघडायला लागला, आणि त्यावर आधीच्याने पुढे घेतलेलं टायमिंग तसंच राहिलं. त्यामुळे घाटात नॉकिंग (तीच टकटक) सुरू झालं. तिसऱ्याने नॉकिंग ऐकून टायमिंग मागे घेतलं, चौथ्याने ओढत नाही म्हणून मेन जेट मोठा टाकला. एकाच गाडीत कधी टकटक तर कधी दम नाही, हे कोडं बहुधा असं तयार होतं. म्हणून नियम एकच: गॅपला हात लावला की टायमिंग पुन्हा लावायचंच. उलट मात्र नाही. टायमिंग हलवल्याने गॅप बदलत नाही.

पॉइंट उघडून काय बघायचं

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, आतला फिरता रोटर वर ओढून काढा. कार्ड घालून पॉइंट किंचित उघडा आणि दोन्ही टोकांकडे बॅटरीच्या उजेडात नीट बघा. राखाडी, किंचित खरखरीत पृष्ठभाग असेल तर ठीक. एका टोकाला खड्डा आणि समोरच्या टोकाला तेवढाच उंचवटा असेल तर कंडेन्सरची (पॉइंटवर ठिणगी उडू न देणाऱ्या छोट्या डबीची) क्षमता जुळत नाहीये. टोकं निळी-काळी पडून जळलेली असतील तर कंडेन्सर गेलाय, किंवा पॉइंटमधून गरजेपेक्षा जास्त विद्युतप्रवाह जातोय. कंडेन्सर साधारण 0.2 मायक्रोफॅरॅडचा असतो. गाडी चालू ठेवून, कॅप न काढता, ते कळत नाही; पण इग्निशन चालू करून पॉइंट पेचकसाने हाताने उघडला आणि मोठी पिवळी ठिणगी चर्रकन उडाली, तर कंडेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. तो महागडा भाग नाही. बदलून बघा. फक्त बाजारात मिळणारे नवे कंडेन्सरही खात्रीचे नसतात, त्यामुळे जुना चालणारा कंडेन्सर फेकू नका, डिकीत ठेवा.

पॉइंट जळण्याचं दुसरं कारण फारसं कुणी तपासत नाही. ते म्हणजे कॉइल, बॅटरीच्या 12 व्होल्टपासून ठिणगीपुरते हजारो व्होल्ट तयार करणारी. साध्या 12 व्होल्टच्या कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलमध्ये मल्टिमीटरवर सुमारे 3 ओहम यायला हवेत. 1.5 ओहमच्या आसपास आले तर ती बॅलास्ट रेझिस्टरसोबत (विद्युतप्रवाह आवरणाऱ्या रोधासोबत) लावायची कॉइल आहे. दुकानदार 'बारा व्होल्टचीच आहे' म्हणून देतो, आकार तोच, बसतेही व्यवस्थित. रेझिस्टरशिवाय लावली की सुरुवातीला करंट फर्स्टक्लास, पण कॉइल हात लावू देत नाही इतकी तापते आणि पॉइंट दर महिन्याला जळतो. 'हल्लीचे पॉइंट टिकत नाहीत' म्हणणाऱ्यांनी एकदा हे माप घ्यावं.

मग शाफ्ट. रोटर बसवून तो बोटांनी आडवा हलवून बघा. फिरवायचा नाही, आडवा हलवायचा. फिरवल्यावर रोटर थोडा जाऊन स्प्रिंगने परत यायला हवा, ते ॲडव्हान्सचे (वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारे) वजन-स्प्रिंग जिवंत असल्याचं लक्षण. आडवा मात्र हलता कामा नये. हलला तर शाफ्टचा बुश गेलाय, आणि मग गॅप लावण्याला अर्थच उरत नाही, कारण शाफ्ट डोलतो तसा प्रत्येक सिलिंडरला गॅप वेगळा पडतो. ड्वेल मीटर असेल तर आयडलिंगला आणि रेस वाढवून माप घ्या. फरक 3 अंशांपेक्षा जास्त आला तर बुशच. नाशिककरांची इथे सोय आहे. अंबड-सातपूरला लेथवाल्यांची कमी नाही. ब्राँझचा बुश वळून द्यायला सांगा, फक्त शाफ्ट सोबत घेऊन जा, नुसतं माप सांगू नका.

गॅप किती? फियाटच्या मूळ बनावटीच्या डिस्ट्रिब्युटरला 0.42 ते 0.48 मिलिमीटर. लुकास पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर बसवलेला असेल तर 0.35 ते 0.40. आपल्याकडे जुन्या गाड्यांत एकाचा भाग दुसऱ्याला बसवलेला सर्रास सापडतो, तेव्हा बॉडीवरचं नाव वाचूनच फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती) हातात घ्या. प्लगचा गॅप 0.5 ते 0.6. आणि खड्डा पडलेल्या पॉइंटचा गॅप फिलर गेजने कधीच बरोबर येत नाही, पाते उंचवट्यावर अडतं. तिथे एकतर पॉइंट नवा, नाहीतर ड्वेल मीटर.

कॅमवर मोहरीएवढं ग्रीस. गरमीत वितळून पसरणारं नको, बेअरिंगचं चालेल. रोटरखाली छोटा फेल्ट दिसला तर त्यावर इंजिन ऑइलचे दोन थेंब. जास्त नको, पॉइंटवर उडालं की वेगळंच दुखणं.

टायमिंग लावताना

आधी एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणायचा. चारही प्लग काढा, एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवा, कुणाला तरी हॅण्डल मारायला सांगा. हॅण्डल नसेल तर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच ढकला. अंगठा बाहेर ढकलला जायला लागला की कॉम्प्रेशन सुरू. मग पुली बघत बघत, पुस्तकात दिलेल्या अंशांवर खूण आणा. पुलीवरची खूण मळाने दिसत नसते. ती आधी रॉकेलने धुऊन पांढऱ्या रंगाने रेघ मारून ठेवा. खूण ओलांडली गेली तर तेवढीच मागे फिरवू नका. आणखी मागे नेऊन पुन्हा पुढे आणा, म्हणजे चेन आणि गिअरमधला ढिलेपणा मोजमापात येत नाही.

आता 12 व्होल्टचा छोटा बल्ब घ्या. एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरी अर्थला. इग्निशन चालू. पॉइंट बंद असताना बल्ब बंद, पॉइंट उघडला की बल्ब लागतो. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून बॉडी सावकाश फिरवा आणि बल्ब ज्या क्षणी लागतो तिथे घट्ट करा. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट बॉडी फिरवली तर टायमिंग पुढे जातं, त्याच दिशेने फिरवली तर मागे.

बल्ब नसेल तर पतंगाचा कागद. आपल्या जिल्ह्यात येवल्याची संक्रांत असताना त्याचा तुटवडा नसावा. त्याची बारीक पट्टी पॉइंटच्या दोन टोकांमध्ये धरून हलका ताण द्या. पॉइंट उघडताक्षणी पट्टी सुटून हातात येते. बल्बइतकंच बरोबर येतं. कागदाचा कण मात्र आत राहू देऊ नका.

हे झालं बंद इंजिनवरचं. टायमिंग लाइट (एक नंबरच्या ठिणगीबरोबर लखलखणारा दिवा) मिळाला तर इंजिन चालू ठेवून पुलीवरची खूण जरूर बघा, कारण बंद इंजिनवर फक्त सुरुवातीचा बिंदू लागतो. रेस वाढवल्यावर खूण सावकाश पुढे सरकायला हवी. सरकतच नसेल तर आतली वजनं गंजून अडकली आहेत. आयडलिंगला सगळं ठीक आणि हायवेला दम नाही, असं होतं. एकदम झपकन पुढे जात असेल तर स्प्रिंग तुटलीय किंवा कुणीतरी भलतीच घातलीय. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमचा डबा असेल तर त्याची नळी काढून तोंडाने ओढून बघा: आतली प्लेट हलली पाहिजे आणि जीभ लावून धरली तर तिथेच थांबली पाहिजे. परत आली म्हणजे पडदा फाटलाय. तो फाटला की डबा करंटचं काम बिघडवतो आणि शिवाय मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांमध्ये) हवाही सोडतो, म्हणजे कार्बोरेटरवर आळ येतो तो वेगळाच.

पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला मिस मारणारी गाडी असेल तर एवढा खटाटोप करायच्या आधी रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा. हाय टेन्शन वायरींवरून, कॅपवरून निळ्या रेषा सरकताना डोळ्यांना दिसतात. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ पडली असेल तर ती पुसून जात नाही. कॅप बदला.

गरम झाली की बंद, थंड झाली की चालू

एप्रिल-मे मधली ही सगळ्यात त्रासदायक तक्रार, आणि यात दोन वेगळ्या रोगांची गल्लत होते. एक, पेट्रोलची वाफ होऊन एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनवरचा पंप) पेट्रोल ओढेनासा होतो. दोन, तापल्यावर कॉइल किंवा कंडेन्सर दगा देतो. गाडी बंद पडली त्या जागीच, थंड व्हायच्या आत, एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या गळ्यात बघा आणि हाताने थ्रॉटल जोरात उघडा. पिचकारी उडाली तर वाटीत (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या साठ्यात) पेट्रोल आहे, करंट बघा. पिचकारी नाही तर पेट्रोल नाही. अर्ध्या मिनिटात निकाल. पंपावर ओलं फडकं टाकून गाडी लागली तर वाफच होती. कॉइलवर टाकून लागली तर कॉइल. दोन्हींवर एकदम टाकू नका, मग काहीच कळत नाही.

वाफेवर इलाज म्हणजे पेट्रोलची लाइन एग्झॉस्टपासून लांब नेणं आणि कार्बोरेटरखालची जाड बेकलाइटची पट्टी जागेवर आहे ना ते बघणं. गॅसकेट बदलताना ही पट्टी 'जास्तीची' म्हणून काढून टाकलेली मी पाहिली आहे. तिच्याशिवाय मॅनिफोल्डची उष्णता थेट वाटीत जाते.

आता कार्बोरेटर

टॅपेट (व्हॉल्व्हचे गॅप) लावले, करंट बरोबर, टायमिंग बरोबर, तरीही तक्रार आहे? मगच इकडे या.

पहिली चाचणी फुकटची. इंजिन गरम असताना चोक थोडासा ओढा. गाडी सुधारली तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे कुठून तरी जास्तीची हवा येतेय किंवा जेट चोंदलाय. बिघडली तर मिश्रण आधीच जाड आहे.

जास्तीची हवा शोधायला थ्रॉटलच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांवर, जिथे तो कार्बोरेटरच्या बॉडीतून बाहेर येतो तिथे, ऑइलच्या कुपीने एकेक थेंब सोडा. आयडलिंग क्षणभर बदललं तर शाफ्टची भोकं मोठी झाली आहेत. जुन्या सोलेक्समध्ये हे फार. भंगारातून 'चांगला' म्हणून आणलेला कार्बोरेटर बहुतेक याच रोगाचा असतो. इथेही लेथवाला आणि पितळी बुश. पेट्रोल किंवा स्प्रे मारून हवा शोधायची पद्धत काही जण सांगतात. तापलेल्या एग्झॉस्टवर ते उडालं तर आग लागते. ऑइलचा थेंब पुरतो.

दुसरी जागा म्हणजे खालचा फ्लँज. दोनच नट, आणि ते आवळून आवळून फ्लँज वाकलेला. कार्बोरेटर काढून काचेवर ठेवा, मधून उजेड दिसला तर काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून त्यावर गोल गोल घासून सपाट करा. नवीन गॅसकेट. नट बेताने.

या सोलेक्समध्ये चोकची झडप गळ्यात नसते, बाजूला स्टार्टरची वेगळी चकती असते. केबल अर्धवट अडकली की चकती पूर्ण मिटत नाही आणि पेट्रोल कायम झिरपत राहतं. थंडीत, निफाडला पारा 5 अंशांच्या खाली जातो त्या दिवसांत, चोक रोज वापरला जातो आणि केबलही तेव्हाच अडकते. गाडी काळा धूर टाकते, प्लगवर काजळी, ॲव्हरेज पडलं, आणि बोट दाखवलं जातं मेन जेटकडे. केबल काढून चकतीचा लिव्हर हाताने पूर्ण मागे जातो का ते बघा, मग जेटचं बोला.

मिश्रणाचा स्क्रू लावण्याआधी तो पूर्ण आत घालून बघा, हलक्या हाताने. टोकदार असतो, आवळलात तर बसायची जागा बिघडते. पूर्ण आत गेल्यावर इंजिन बंद पडायला हवं. नाही पडलं तर पेट्रोल दुसरीकडून येतंय: थ्रॉटल जास्त उघडा आहे, चकती झिरपतेय, किंवा वाटीतली पातळी वर आहे. ते मिटवल्याशिवाय हा स्क्रू कितीही फिरवा, उपयोग नाही. पातळी या कार्बोरेटरमध्ये निडलच्या (वाटी भरली की पेट्रोल बंद करणाऱ्या सुईच्या) सीटखालच्या वॉशरच्या जाडीने ठरते. किट बदलताना जुन्या वॉशरची जाडी मोजून ठेवा. नव्या किटमधला वॉशर पातळ निघाला की सीट वर सरकते, पातळी वर जाते आणि वळणावर गाडी ओव्हरफ्लो होते.

जेट साफ करायला क्लच केबलची तार घालणाऱ्याच्या हातून पक्कड काढून घ्या. जेट पितळेचा, तार पोलादी. भोक मोठं झालेलं डोळ्याला दिसत नाही, पण पेट्रोल पंपावर दिसतं. हवा मारा, तेवढं बस.

पेट्रोल बदललंय, तेही धरा

2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ठरावीक जेटच्या कार्बोरेटरला तेच मिश्रण साधारण 7 टक्के पातळ पडतं. नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास, इथली हवा विरळ, त्यामुळे मुंबईत लावलेली गाडी इथे किंचित जाड चालते. काही अंशी दोन्ही एकमेकांना छेदतात. तेव्हा मेन जेट लगेच मोठा करू नका. हायवेला स्थिर वेगात गाडी झटके देत असेल, प्लगचं पोर्सेलिन पांढरं पडत असेल आणि हवेची गळती नक्की नसेल, तरच एक नंबर मोठा जेट टाकून बघा.

जेटपेक्षा मोठा त्रास रबराचा. जुनी पेट्रोलची नळी आतून सुटते, तिचा काळा भुगा निडलखाली बसतो. पंपाचा पडदाही कडक होतो. इथेनॉल चालणारी नळी, एसएई जे30 आर9 अशी छापलेली, पूर्ण लाइनला टाका. आणि पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल तर टाकी जवळपास भरून ठेवा. अर्ध्या टाकीत दमट हवा राहते आणि इथेनॉल तिच्यातलं पाणी ओढून घेतं. असं पेट्रोल वाटीत राहिलं की जेटवर हिरवट आणि बॉडीवर पांढरा थर चढतो.

सगळं लावून झाल्यावर पहिल्या 500 किलोमीटरनंतर एकदा कॅप काढा. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला कॅमवर बसते तेव्हा गॅप थोडा मिटतोच. गॅप लावा, आणि त्यानंतर टायमिंगही.